डोंगऱ्यांच्या घरची पहाटेची शाळा

पंडिता रमाबाईंच्या विद्वत्तेचे श्रेय आपण सहसा त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना देतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. 1887 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक रमाबाईंनी आई लक्ष्मीबाईंच्या स्मृतीस अर्पण केले आहे. मुलगी वाढवली कशी, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर या अर्पणपत्रिकेपासून सुरुवात करावी लागते.

स्त्रीने संस्कृत शिकावे, हा विचार अनंतशास्त्रींच्या मनात विद्यार्थिदशेत आला. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात शिकवायला जात. तिथे पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत म्हणताना त्यांनी ऐकले. घरी येऊन ते पहिल्या पत्नीला शिकवू लागले, पण तिला गोडी नव्हती आणि वडीलधाऱ्यांना ते पसंत नव्हते. ती वारल्यानंतर गोदावरीकाठी एका यात्रेकरूने आपली नऊ वर्षांची मुलगी चाळिशी ओलांडलेल्या या शास्त्र्याला दिली. त्याच लक्ष्मीबाई. स्त्रीशिक्षणाचा हा पुरस्कर्ता स्वतः बालवधूचा नवरा होता, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

लक्ष्मीबाई शिकल्या, आणि त्यावरून गदारोळ झाला. उडुपीच्या पंडितांपुढे शास्त्राधार मांडून अनंतशास्त्रींना आपली बाजू सिद्ध करावी लागली. पुढे हे कुटुंब सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात राहिले. तिथे 1858 च्या एप्रिलमध्ये रमाबाईंचा जन्म झाला.

थोरली कृष्णाबाई आणि मुलगा श्रीनिवास वडिलांकडून शिकले. रमाबाईंची पाळी आली तेव्हा वडील वृद्ध झाले होते, म्हणून आई शिकवू लागली. दिवसभर घरकाम, पाहुणे, विद्यार्थी. तिला मोकळा वेळ फक्त पहाटेचा. झोपेतल्या मुलीला प्रेमाने उठवून ती पाठ घेई. शिकवण्याचे काम बाईचे असू शकते, हे या मुलीला कोणी सांगण्याची गरजच नव्हती. ते ती रोज पाहत होती.

आईबाप चुकलेही. कृष्णाबाईचे लग्न त्यांनी रूढीप्रमाणे लहानपणीच लावले आणि ते फसले. त्या अनुभवानंतर धाकटीचे लग्न लहानपणी करायचे नाही, असे त्यांनी ठरवले. वेद मात्र त्या घरातही मुलीला वर्ज्यच राहिले. पुढे कोलकात्यात केशवचंद्र सेन यांनी वेद वाचायला सुचवले, तेव्हा रमाबाई संकोचल्या होत्या. म्हणजे घरातली मोकळीक एका कुंपणापर्यंत होती. पलीकडे त्या स्वतः गेल्या.

या कथेत सहसा विसरला जातो तो भाऊ, श्रीनिवास. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही. उरलेली ही दोघे पायी देशभर हिंडली आणि 1878 साली कोलकात्यास पोहोचली. वाटेत दोघेही स्त्रीशिक्षणावर बोलत. कोलकात्याने बहिणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. भावाच्या वाट्याला असा मान आला नाही, तरी तो तिच्या बाजूने उभा राहिला. 1880 साली तो वारला. आईला पोथी वाचताना आणि बहिणीला पाठ म्हणताना पाहत वाढलेल्या मुलाला तिची विद्वत्ता अचंबा वाटली नसावी, असे मला वाटते.

1882 साली पुण्यात हंटर आयोगापुढे साक्ष देताना रमाबाईंनी मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री निरीक्षक मागितल्या. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षणही मिळावे, असे सांगितले. शिक्षिकांची मागणी वाचताना मला ती पहाट आठवते. 1889 मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झाले. मुलगी मनोरमा मोठेपणी आईच्या केडगावच्या कामात तिच्या जोडीने उभी राहिली.

आमच्या पिढीतल्या बापांनी मुलींना शाळेत घातले आणि त्यावर आपण समाधान मानले. मीही मानले. पण शिकलेल्या आईला पहाटेखेरीज वेळ का मिळत नव्हता, हा प्रश्न डोंगऱ्यांच्या घरातही कोणी विचारलेला दिसत नाही. तो आपल्या घरांत अजून शिल्लक आहे, आणि तो मुलींपेक्षा मुलांना शिकवायला हवा.