इंटरनेटवरचे नाव आणि पत्ता: एका यादीपासून ‘.भारत’पर्यंत

संगणक जाळ्यांचा विषय सुरू करताना पहिल्या तासाला मी फळ्यावर एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता लिहितो आणि विचारतो, “हा पत्ता संगणकाला कळतो का?” बहुतेक मुले हो म्हणतात. उत्तर ‘नाही’ असे आहे. संगणकाला तो कळत नाही, आणि कळावा म्हणून तो तयार केलेलाही नाही. तो तयार केला माणसांसाठी. कोणत्या माणसांसाठी, हा प्रश्न मात्र शेवटापर्यंत लक्षात ठेवा.

या पाठात होस्ट, पॅकेट, प्रोटोकॉल, आयपी पत्ता, सर्व्हर, डोमेन, डीएनएस या मूळ संज्ञा आपण पाहणार आहोत. त्यांच्या व्याख्या कोणत्याही पुस्तकात मिळतात. पण या संज्ञा एकाच दिवशी जन्मलेल्या नाहीत. जशी अडचण आली तशी एकेक तयार झाली. त्याच क्रमाने गेलो तर त्या पाठ कराव्या लागत नाहीत.

आधी जाळे

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संगणकावरून मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकावर ‘लॉगिन’ हा शब्द पाठवण्याचा प्रयत्न झाला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या ‘आर्पानेट’ या जाळ्याची ही सुरुवात. जाळ्याला जोडलेल्या अशा प्रत्येक संगणकाला होस्ट म्हणत.

त्या काळच्या टेलिफोनमध्ये दोघे बोलत असेपर्यंत एक मार्ग त्यांच्यासाठी अडवून ठेवलेला असे. आर्पानेटने हे टाळले. संदेशाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकावर ‘कोणाकडून, कोणाकडे’ हे लिहायचे आणि ते सामाईक मार्गावर सोडून द्यायचे. या तुकड्याला पॅकेट हे नाव ब्रिटनच्या डोनाल्ड डेव्हिस यांनी दिले. अमेरिकेत पॉल बॅरन यांनी जवळपास हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती. आता प्रत्येक तुकड्यावर ‘कोणाकडे’ हे लिहायचे असेल, तर प्रत्येक संगणकाला पत्ता हवा. आपली गोष्ट इथून सुरू होते.

एक यादी, एक कार्यालय

पत्ता म्हणजे आकडा. यंत्राला आकड्याने काम करणे सोयीचे, माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणून आकड्यापुढे नाव लिहिलेली एक यादी केली गेली. आपल्याकडे घरोघरी फोनशेजारी नंबरांची वही असे, अगदी तशीच. फरक एवढाच की ही वही साऱ्या जाळ्यासाठी एकच होती. ‘होस्ट्स’ नावाची ती साधी मजकूर फाईल स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील माहिती केंद्रात ठेवलेली असे. केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर, शिक्षणाने रसायनशास्त्राच्या. नवा संगणक जोडला की त्याच्या व्यवस्थापकाने केंद्राला कळवायचे, केंद्राने यादीत ओळ घालायची, आणि बाकीच्या सर्वांनी अधूनमधून ती फाईल उतरवून घ्यायची.

शे-दोनशे संगणकांपर्यंत हे नीट चालले. मग ताण जाणवू लागला. संगणक वाढले तशी फाईल लांबत गेली, आणि ती उतरवून घेणारेही वाढले, म्हणजे भार दोन्ही बाजूंनी वाढला. एकाच नावावर दोघांचा डोळा असे. शिवाय आज केलेला बदल जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला कधी पोहोचेल याचा नेम नसे.

दरम्यान १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने आपला जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपी स्वीकारला. प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलताना पाळायचे ठरलेले नियम. व्हिन्ट सर्फ आणि बॉब कान यांनी याचा पाया १९७४ च्या निबंधात घातला होता. वेगवेगळ्या बनावटीची, वेगवेगळ्या मालकीची जाळी एकमेकांना जोडणे हा त्यामागचा हेतू. ‘इंटरनेट’ या शब्दाचा अर्थही तोच, जाळ्यांचे जाळे. आयपी पत्ता हा याच नियमांचा भाग. आपण तो ० ते २५५ मधल्या चार संख्यांनी लिहितो. घरातल्या राउटरच्या मागच्या चिठ्ठीवर १९२.१६८.१.१ असे काहीतरी असते ते आठवा. हा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. तेव्हा ही संख्या कधीच संपणार नाही असे वाटले. ती संपत आली म्हणून पुढे १२८ बिटांची सहावी आवृत्ती आणावी लागली, पण तो वेगळा पाठ आहे.

वहीऐवजी झाड

यादीचा प्रश्न सोडवण्यासाठी चार-पाच प्रस्ताव फिरत होते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत जॉन पोस्टेल यांनी पॉल मोकापेट्रिस या तरुण सहकाऱ्याला त्या प्रस्तावांतून मधला मार्ग काढायला सांगितले. मोकापेट्रिस यांनी ते सगळे बाजूला ठेवून स्वतःचीच रचना मांडली. नोव्हेंबर १९८३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस, ती हीच.

तिचे मर्म समजण्यासाठी पोस्टाचे पाकीट पाहा. आपण वरून लिहितो: नाव, गाव, तालुका, जिल्हा, राज्य. पण पत्रांची वर्गवारी खालून होते. आधी राज्य, मग जिल्हा, मग तालुका. मुंबईच्या टपाल कार्यालयाला कोकणातल्या एखाद्या वाडीतले घर माहीत असण्याची गरज नसते, जिल्हा कळला की पुरे. डोमेन नावही असेच उजवीकडून वाचायचे. शेवटच्या टिंबानंतरचा भाग (.कॉम, .ओआरजी, .इन) म्हणजे सर्वांत वरची पातळी. तिच्या डावीकडे संस्थेचे नाव, त्याच्याही डावीकडे त्या संस्थेतले विभाग.

इथे लक्षात ठेवायची गोष्ट आहे अधिकारांची वाटणी. सर्वांत वर मूळ सर्व्हर असतात. सर्व्हर म्हणजे विचारल्यावर उत्तर देण्यासाठी सतत जागा असलेला संगणक. मूळ सर्व्हरांना तुमच्या महाविद्यालयाचा पत्ता ठाऊक नसतो, ‘.इन’चा कारभार कोण पाहतो तेवढेच ते सांगतात. ‘.इन’चा सर्व्हर पुढच्याचे नाव सांगतो, आणि महाविद्यालयाच्या नावासाठी नेमलेला सर्व्हर अखेरचा आकडा देतो. ही विचारपूस तुमच्या फोनच्या वतीने रिझॉल्व्हर नावाचा मध्यस्थ करतो आणि मिळालेले उत्तर काही काळ जपून ठेवतो. या जपण्याला कॅशिंग म्हणतात. नवे संकेतस्थळ एकाला दिसते आणि शेजारच्याला दिसत नाही, तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असते. मूळ सर्व्हरांची नावे मात्र तेराच आहेत. त्या काळी डीएनएसचे उत्तर ५१२ बाइटांच्या एका पॅकेटात मावणे आवश्यक होते, आणि त्यात एवढीच बसत. आज त्या तेरा नावांमागे जगभर पसरलेली कितीतरी यंत्रे काम करतात.

१९८५ मध्ये नव्या पद्धतीने नावे नोंदली जाऊ लागली, ‘.कॉम’खालचे पहिले नोंदलेले नाव ‘सिम्बॉलिक्स’ या संगणक कंपनीचे, १५ मार्चचे.

एक गल्लत इथेच दूर करू. वेब म्हणजे इंटरनेट नव्हे. डीएनएस आले तेव्हा वेब नव्हतेच. टिम बर्नर्स-ली यांनी ते १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत मांडले आणि १९९१ मध्ये सर्वांसाठी खुले केले. ईमेल तर त्याच्याही आधीची, १९७१ पासूनची. ईमेल, वेब, व्हिडिओ कॉल ही इंटरनेटवर चालणारी वेगवेगळी वाहने आहेत. रस्ता आणि गावांच्या पाट्या सामाईक.

जुहूमधून ‘.इन’

देशांसाठी दोन अक्षरी नावे द्यायची तर देश कोणते हे कोण ठरवणार? पोस्टेल यांनी या वादात पडणे टाळले. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची देशसंकेतांची यादी आधीच होती, तीच त्यांनी प्रमाण मानली. भारताच्या वाट्याला ‘.इन’ आले ते १९८९ मध्ये. त्याचा कारभार पाहणारी राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, अर्थात एनसीएसटी, ही संस्था मुंबईत जुहूला होती. डॉ. एस. रमणी तिचे प्रमुख. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे सुरू केले होते. एनसीएसटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि आयआयटी त्यात सहभागी होत्या. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते विदेश संचार निगमाकडून, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे भारताचे नाव नोंदल्यानंतर साधारण सहा वर्षांनी. माझ्या पिढीने इंटरनेट आधी ऐकले ते मोडेमच्या किरकिरीत. पान उघडेपर्यंत चहा होऊन जाई.

२००५ पासून ‘.इन’ची नोंदणी ‘निक्सी’ या संस्थेकडे आली आणि सर्वांना मोकळी झाली. पुढे असंख्य मराठी नावे रोमन लिपीत नोंदली गेली.

सदतीस चिन्हांचे कुंपण

कारण दुसरा पर्याय नव्हता. जुन्या होस्ट यादीपासून चालत आलेल्या नियमानुसार नावात २६ रोमन अक्षरे, १० अंक आणि एक जोडरेघ, एवढीच ३७ चिन्हे चालत. कॅलिफोर्नियात इंग्रजीत काम करणाऱ्यांना ती पुरेशी होती, यात त्यांचा काही दुष्ट हेतू नव्हता. पण ‘माणसाला सोपे जावे म्हणून नाव’ या तत्त्वातला माणूस रोमन लिपी येणारा होता. ‘बाळ’ आणि ‘बाल’ हा भेद त्यात मावत नाही.

२००३ मध्ये उपाय निघाला. सगळे सर्व्हर बदलणे अशक्य होते, म्हणून युक्ती केली गेली. देवनागरी नाव ब्राउझरने ठरलेल्या गणिती पद्धतीने रोमन अक्षर-अंकांत बदलायचे आणि तेच डीएनएसला विचारायचे. या पद्धतीला प्युनीकोड म्हणतात. अशा नावाची ओळख पटावी म्हणून सुरुवातीला ‘एक्स’, ‘एन’ आणि दोन जोडरेघा लावतात. ‘भारत’ या तीन अक्षरांचे रूप होते ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’. डीएनएसच्या मुळाशी आजही हेच लिहिलेले आहे.

आता मराठीची खास अडचण पाहा. शाळेत आपण ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक शिकतो. एकीकडे गुरू, दुसरीकडे स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातला आडवा ‘र’ संगणकावर दोन प्रकारे उमटतो. एक, नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून. दुसरा, साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, आत मात्र वेगळे संकेत असतात. २००३ च्या नियमांत ते अदृश्य चिन्ह गाळून टाकले जाई. म्हणजे एखाद्या आचाऱ्यांच्या संघटनेने दुसऱ्या प्रकाराने नाव टंकले, तर डीएनएसकडे पोहोचे ते आचार्यांचे! २०१० च्या सुधारित नियमांनी हलंतानंतर हे चिन्ह ठेवण्याची मुभा दिली. पण सारखी दिसणारी दोन नावे म्हणजे फसवणुकीला निमंत्रण, त्यामुळे अशा चिन्हाबाबत नोंदणी करणाऱ्या संस्था सावध असतात. ती सावधगिरी मला पटते. पण आपल्या वर्णमालेतला फरक नियमांत पोहोचायला इतका उशीर का झाला, याचे उत्तर आपणही शोधायला हवे. नियम जिथे ठरतात तिथे मराठी जाणणारे कितीजण बसतात?

२७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतले ‘.भारत’ नोंदणीसाठी खुले झाले. हिंदी, मराठी, कोंकणी यांसह आठ भाषांसाठी ते एकच आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने वडिलांच्या दुकानासाठी असे नाव घेतले. संकेतस्थळ व्यवस्थित उघडते. पण एका ऑनलाइन अर्जात त्याने तो पत्ता भरला तेव्हा ‘पत्ता अवैध आहे’ असे लाल अक्षरांत उत्तर आले. अर्ज तपासणारा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्यात ती ३७ चिन्हेच होती. शेवटी त्याने रोमन नावही घेतले आणि दुकानाच्या पाटीवर तेच रंगवले. दोष डीएनएसचा नव्हता. आपल्यासारख्याच कुणीतरी लिहिलेल्या चार ओळींचा होता. गृहपाठात ईमेल तपासणारा प्रोग्राम लिहायला दिला की माझ्या वर्गातली निम्मी मुले अजून तीच चूक करतात.

प्रात्यक्षिक

‘.भारत’ असलेले एखादे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडा. पत्त्याच्या पट्टीतला मजकूर कॉपी करून साध्या मजकूर फाईलमध्ये चिकटवा. काही ब्राउझरांत देवनागरी उमटेल, काहींत ‘एक्सएन’ने सुरू होणारी ओळ. दोन-तीन वेगवेगळ्या ब्राउझरांत करून पाहा आणि काय दिसले ते वहीत लिहून आणा. मग ‘आचाऱ्यांना’ हा शब्द तुमच्या फोनवर आणि प्रयोगशाळेतल्या संगणकावर टंकून दोन्हींचे युनिकोड संकेत तपासा.