बीलाच्या धूमकेतूचा अंत

धूमकेतु दिसला कीं राजाचें मरण ओढवतें, ही समजूत आपल्याकडे होती तशीच युरोपांतही होती. परंतु स्वतः धूमकेतूलाही मरण असतें, हें ज्योतिषांना कळावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें; आणि तें समोर घडत असतांही पाहणारांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

इ. स. १८२६ मध्यें ऑस्ट्रियन सैन्यांतील विल्हेल्म फॉन बीला या अधिकाऱ्यास बोहेमियांत एक अंधुक धूमकेतु आढळला. १७७२ व १८०५ सालीं दिसलेलाच हा धूमकेतु असून तो सुमारें पावणेसात वर्षांनीं सूर्याकडे परततो, असें गणितानें ठरलें. १८३२ सालीं तो पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणार हें प्रसिद्ध होतांच लोकांत घबराट उडाली. वास्तविक पृथ्वी त्या ठिकाणीं महिनाभर मागाहून पोहोंचावयाची होती!

खरा चमत्कार १८४६ च्या जानेवारींत घडला. १३ तारखेस वॉशिंग्टन येथें मॉरीला एकाच्या जागीं दोन धूमकेतु दिसले. १५ तारखेस केंब्रिज येथें चॅलिस यांनाही तेंच दिसलें. पण असें पूर्वीं कोणीं पाहिलें नव्हतें, म्हणून ते संशयांत पडले. २३ तारखेस पुन्हां वेध घेतला तेव्हां कोठें त्यांची खात्री पटली. दोन्ही तुकड्यांना शेपट्या फुटल्या होत्या, आणि कधीं एक तर कधीं दुसरा अधिक तेजस्वी होई. १८५२ मध्यें ही जोडी परत आली तेव्हां त्यांच्यांतील अंतर सुमारें २४ लक्ष किलोमीटर झालें होतें. त्यानंतर बीलाचा धूमकेतु कोणालाही दिसला नाहीं.

मात्र २७ नोव्हेंबर १८७२ रोजीं पृथ्वी त्याच्या मार्गावरून जात असतां देवयानी नक्षत्राकडून हजारों उल्कांचा वर्षाव झाला. गटिंगेनच्या क्लिंकरफ्यूस यांनीं मद्रास वेधशाळेच्या पॉगसन यांस तार केली, कीं बीलानें पृथ्वीला स्पर्श केला आहे, अमुक ताऱ्यापाशीं शोधावें. पॉगसन यांनीं डिसेंबरच्या आरंभीं शोधलें, आणि धूमकेतु सांपडलाही. परंतु पुढें गणितानें तो निराळाच ठरला.

या दोन प्रसंगांची तुलना करण्याजोगी आहे. चॅलिस यांस अपेक्षा नसल्यामुळें दिसलेलें खरें वाटेना. त्याच वर्षीं ऑगस्टांत नेपच्यून दोनदां त्यांच्या दुर्बिणींत येऊनही ओळखला गेला नाहीं, व सप्टेंबरांत त्याच्या शोधाचें श्रेय बर्लिनला गेलें. उलट पॉगसन यांस अपेक्षा होती, म्हणून जें सांपडलें तेंच हवें तें, असें सहज मानलें गेलें. दोन्ही ठिकाणीं दुर्बिणीचा दोष नव्हता, आणि दोन्ही ठिकाणीं निवाडा केला तो पुढील वेधांनीं व गणितानें.

धूमकेतूचा गाभा बर्फ व धूळ यांचा ठिसूळ गोळा असतो, हें आज आपण जाणतों. १९९४ च्या जुलैंत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, तेव्हां जगांतील दुर्बिणी त्यांची वाट पाहत आधींच सज्ज होत्या. ती सज्जता कांहीं अंशीं चॅलिस यांच्या त्या आठ दिवसांच्या संशयाचीही देणगी होय.