भरावावरचे वैभव : मरीन ड्राइव्हचे एक वाचन

सौंदड परिसरातील माणसाला काठ म्हटले की तलावाची पाळ आठवते. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव आणि बोड्या यांच्या उभारणीचे मोठे श्रेय कोहळी समाजाकडे जाते. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. धानाला पाणी मिळावे म्हणून माणसाने हा काठ घडविला, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हविषयी मात्र आमचे विद्यार्थी वेगळ्या समजुतीत असतात. चित्रपटांतून परिचित झालेला तो कमानदार किनारा त्यांना निसर्गाचीच देणगी वाटतो. वस्तुतः तोही माणसाने घडविलेला काठ आहे. फरक इतकाच की, आमच्याकडे पाणी अडवून काठ झाला आणि तिथे पाणी हटवून.

या काठाचा इतिहास मुंबईइतकाच विदर्भाच्या कापसाशीही जोडलेला आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा शहर तेजीच्या धुंदीत होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला अपूर्व मागणी आली आणि मुंबईत आलेला पैसा सट्ट्याकडे वळला. समुद्र बुजवून जमीन विकू पाहणारी बॅक बे रेक्लमेशन कंपनी ही त्याच सट्ट्याची लाडकी संतती होय. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि कंपनीही बुडाली. अद्याप अस्तित्वात नसलेल्या जमिनीवर लोकांनी पैसा लावला होता, ही गोष्ट पुढील साऱ्या इतिहासाची नांदी ठरली.

चौपाटीकडील केनेडी सी-फेसचे काम १९१५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत (१९१८-२३) बॅक बेची योजना पुन्हा हाती घेतली गेली, आणि या वेळी खुद्द सरकारच सट्टेबाजाच्या जागी होते. संकल्प ११४५ एकरांचा होता. प्रत्यक्षात सुमारे ४४० एकरच भरले गेले. खर्चाचे अंदाज कोलमडले आणि लोकांनी योजनेला ‘लॉइडचा वेडेपणा’ असे नाव दिले. या कारभारावर सर्वांत कठोर हल्ला चढविला तो खुर्शेद नरिमन या तरुण वकिलाने. त्यांनी गैरव्यवहाराचे आरोप जाहीरपणे केले, त्यापायी अब्रुनुकसानीचा खटला ओढवून घेतला आणि त्यातून ते निर्दोष सुटले.

या वादग्रस्त भरावावर १९३० आणि १९४० च्या दशकांत जे उभे राहिले, ते देखणे होते हे मान्य करावेच लागेल. सिमेंट-काँक्रीटच्या, जवळपास सारख्या उंचीच्या, गोलाकार सज्जांच्या आर्ट डेको इमारतींची ती रांग नवश्रीमंत मध्यमवर्गाच्या आधुनिकतेचे घोषणापत्रच होती. व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा भाग म्हणून २०१८ मध्ये तिला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. परंतु वारसा म्हणताना वास्तू तेवढी लक्षात राहते. तिच्याखालची जमीन, त्या जमिनीचा वाद आणि भराव वाहणारे हात विस्मरणात जातात.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला पुढचा टप्पा विशेष उद्बोधक वाटावा. ज्या काळाला आपण साठोत्तरी म्हणतो, त्याच काळात दक्षिणेकडे नवा भराव पडला आणि कार्यालयांचे मनोरे उठले. एअर इंडियाची इमारत १९७४ मध्ये पूर्ण झाली. त्याआधी दोनच वर्षे, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला होता. गोलपिठ्याची वस्ती आणि हे मनोरे यांत अंतर अवघे काही किलोमीटरांचे. आपल्या अभ्यासक्रमात मात्र ही दोन मुंबई क्वचितच एका पानावर येतात. ‘गोलपिठा’ विद्रोहाच्या प्रकरणात जातो, भराव नगररचनेच्या. एकाच शहराने एकाच वेळी या दोन्ही गोष्टी का घडविल्या, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

या नव्या भरावाला नाव मिळाले नरिमन पॉइंट! ज्याने समुद्र बुजविण्याच्या कारभाराची झाडाझडती घेतली, त्याचेच नाव समुद्र बुजवून केलेल्या जमिनीला लाभले, आणि १९७० च्या दशकात तेथील भूखंडांचे वाटपही न्यायालयात गेले. नाव देणे हा सन्मान असतो, तसा तो विस्मरणाचा एक सभ्य मार्गही असू शकतो. आज ‘नरिमन पॉइंट’ म्हणताच जमिनीचा भाव आठवतो, माणूस आठवत नाही.

कफ परेडच्या मच्छीमारनगरात कोळ्यांच्या होड्या आजही दिसतात. २०२४ मध्ये खुल्या झालेल्या सागरी किनारा मार्गासाठी पुन्हा समुद्रात भराव पडला आणि वरळीच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांच्या वाटेसाठी आवाज उठविला. म्हणजे हा इतिहास संपलेला नाही. आमच्याकडेही १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळ राखणाऱ्यांचा पाण्यावरील हक्क हा वादाचा विषय झाला. म्हणून मरीन ड्राइव्हचे वर्णन शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न आपल्या पाळीवरचाच विचारतो : हा काठ कोणी घातला, आणि आज तो कोणाचा आहे? त्याचे उत्तर शोधू लागलेला विद्यार्थी मुंबईचा किनाराही वाचू शकेल, अशी आमची धारणा आहे.