कादंबरीचा सांधा : पित्याची वाणी व पुत्राची वाणी

मूळ ग्रंथकाराची वाणी कोठें थांबली व दुसऱ्याची कोठें सुरू झाली, हा प्रश्न पोथ्या चाळणाऱ्या प्रत्येकास कधीं ना कधीं पडतोच. कल्पित कथेंत त्याचा निर्णय विशेष कठीण. कारण तेथें ग्रंथकार स्वतः न बोलतां पात्रांच्या तोंडून बोलतो. ज्या ग्रंथावरून मराठींत या वाङ्मयप्रकारास नांव मिळालें, त्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’च्या आधारें या प्रश्नाचा विचार येथें करूं.

हर्षाच्या (इ. स. ६०६–६४७) आश्रयास असलेला बाण हा ग्रंथ अपुरा टाकून निवर्तला. पत्रलेखा चंद्रापीडास कादंबरीची अवस्था सांगत असतां तिच्या भाषणाच्या मध्येंच पूर्वार्ध तुटतो. उत्तरार्ध पुत्रानें रचला. आपण हें काम कवित्वाच्या गर्वानें नव्हे, तर कथा अपुरी राहिल्याचें सज्जनांचें दुःख पाहून हातीं घेतलें, असें तो आरंभींच्या श्लोकांत सांगतो.

कथेची रचना पेटींत पेटी अशी आहे. शूद्रकाच्या सभेंत पोपट बोलतो, पोपटाच्या कथेंत जाबालि ऋषि बोलतात, व जाबालींच्या कथेंत महाश्वेता आपली हकीकत सांगते. वक्ते तीन, परंतु वाणी एकच, ती बाणाची.

वाणीहून स्वर निराळा. उच्चाराच्या स्वरभेदानें अर्थ पालटतो, त्यास आलंकारिक काकु म्हणतात. रुद्रटानें काकुवक्रोक्ति अलंकारांत गणली. राजशेखरानें काकु हा पठनाचा धर्म ठरवून तिचें अलंकारत्व नाकारलें. पोथींत काकु लिहिलेली नसते. लेखक कोठें रेंगाळतो, कोणाकडे पाहून हसतो, यावरूनच ती वाचकानें ताडावयाची.

पूर्वार्धाच्या अखेरीकडे चंडिकेच्या देवळांतील वृद्ध द्रविड पुजारी येतो, तें स्थळ पाहावें. भोंदूनें दिलेल्या सिद्धांजनानें त्याचा एक डोळा फुटलेला. किमयेचें व पाताळविवरांत शिरण्याचें त्यास वेड. आणि जादूटोण्याच्या मंत्रांच्या ताडपत्री पोथ्यांचा त्यानें मोठा संग्रह केलेला! (आम्हां संग्राहकांस हें वाचून थोडें अवघडल्यासारखें होतें.) हें सर्व सांगतात कोण, तर त्रिकालज्ञ जाबालि. तपोवनांतील ऋषि पुजाऱ्याच्या फुटक्या डोळ्यावर इतका वेळ विनोद करील काय? हा स्वर ऋषीचा नव्हे. ‘हर्षचरितां’त बाणानें तरुणपणच्या भटकंतींतील आपल्या सोबत्यांची यादी दिली आहे, तींत गारुडी, जुगारी, मंत्रसाधक, किमयागार व विवरवेडाही आहेत. पुजाऱ्याला हसणारा माणूस त्याच मंडळींत वावरलेला आहे.

उत्तरार्धांत पित्याचे समास, श्लेष व उपमा पुत्रानें परिश्रमानें उचलल्या आहेत. परंतु त्याची पावलें घाईचीं. शाप, मृत्यु, पुनरुज्जीवन व विवाह हें सर्व पूर्वार्धाहून लहान भागांत उरकावयाचें होतें. पोपटास चांडाळवस्तींत नेतात, तेथें वर्णनास भरपूर अवकाश होता व त्यानें तो घेतलाही. मात्र तें चित्र भेसूर आहे, त्यांत हंसू नाहीं. शब्द वारशानें मिळाले, स्वर मिळाला नाहीं.

मात्र स्वरावरून एकट्यानें कर्तृत्व ठरवूं नये. पुत्राचे ते श्लोक ज्या पानावर आहेत तें पान सर्व प्रतींतून नष्ट झालें असतें, तर स्वरभेदानें आपणांस शंका आली असती. सांधा निश्चित सांगतां आला नसता. त्याचें नांव तर त्या श्लोकांतही नाहीं. कोठें तें भूषणभट्ट असें मिळतें, कोठें पुलिंद. धनपालानें ‘तिलकमंजरीं’त श्लेषानें सुचविलेलें रूप दुसऱ्या नांवास पोषक आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, अपुरी प्रत टाकून देऊं नये, व आरंभींचें आणि समाप्तीचें पान, कितीही जीर्ण असो, प्रथम उतरून घ्यावें. स्वर शंका उत्पन्न करतो. तिचा निकाल पान देतें.