मेक्सिकोची दृश्यकला : परंपरा, आधुनिकता आणि डॉ. पांडुरंग खानखोजे

प्रस्तावना

मेक्सिको हा देश आणि विदर्भ यांचा संबंध वरवर पाहता दूरचा वाटतो. आपल्या स्वयंपाकघरातील मिरची आणि शेतातील मका मूळचे त्या भूमीतील आहेत, एवढीच माहिती सर्वसाधारणपणे असते. तथापि मेक्सिको शहरातील तत्कालीन शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने १९२८ मध्ये रंगविलेल्या एका भित्तिचित्रात वर्ध्याचे क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची प्रतिमा आहे. भिंत जगाला ठाऊक आहे. तिच्यावरील वैदर्भीय माणूस मात्र आपल्याकडेही फार थोड्यांना ठाऊक आहे. ही प्रतिमा तेथे कशी आली, हे समजून घ्यावयाचे तर मेक्सिकोच्या दृश्यकलेची घडण पाहावी लागते.

उद्दिष्टे

१) मेक्सिकोच्या पारंपरिक व आधुनिक दृश्यकलेतील वैविध्याचा आढावा घेणे.
२) त्या परंपरेतील डॉ. खानखोजे यांच्या स्थानाचा शोध घेणे.
३) बुलढाणा जिल्ह्याच्या शिल्पवारशाच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व तपासणे.

प्राचीन शिल्प व चित्र

मेक्सिकोच्या कलेचा प्रारंभ दगडापासून होतो. इसवी सनापूर्वीच्या ओल्मेक संस्कृतीने बसाल्टच्या प्रचंड शिळांतून मानवी मस्तके कोरली. अशी १७ मस्तके आजवर सापडली आहेत. ज्वालामुखीजन्य बसाल्ट किती कठीण असतो, हे लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचे शिल्पकाम पाहणाऱ्याला वेगळे सांगावयास नको. पुढे माया संस्कृतीत चित्रकला बहरली. बोनाम्पाक येथील इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या अखेरीची भित्तिचित्रे दरबार, युद्ध, बंदिवान आणि वादक यांचे जिवंत दर्शन घडवितात. बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिमेस असलेल्या अजिंठ्याची पाचव्या शतकातील चित्रे त्यांहून जुनी व आशयाने वेगळी आहेत; तरी भिंत हे समाजाचे स्मृतिस्थान मानण्याची वृत्ती दोन्हीकडे समान दिसते.

१५२१ मध्ये स्पॅनिश सैन्याने अझ्टेक राजधानी जिंकली. मंदिरे पाडली गेली, मूर्ती जमिनीत गाडल्या गेल्या. १७९० मध्ये मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात खोदकाम चालू असताना कोआत्लिक्वे देवीची भव्य मूर्ती व सूर्यशिळा ही दोन महत्त्वाची शिल्पे सापडली. सुमारे २४ टन वजनाची सूर्यशिळा मुख्य चर्चच्या भिंतीला लावण्यात आली. मूर्तीपुढे मात्र स्थानिक आदिवासी फुले व मेणबत्त्या वाहू लागले, तेव्हा सत्ताधाऱ्यांनी ती पुन्हा पुरून टाकली. प्राचीन कला अभ्यासाचा विषय झालेली त्यांना चालत होती. ती जनतेच्या श्रद्धेचा विषय होणे त्यांना नको होते.

वसाहतकाल व लोककला

वसाहतकाळात चर्चसाठी चित्रे व शिल्पे घडू लागली. परंतु ती घडविणारे हात बहुधा स्थानिकच होते. पक्ष्यांच्या पिसांपासून चित्रे करण्याची जुनी अझ्टेक कला आता ख्रिस्ती संतांच्या प्रतिमांसाठी वापरली गेली. नवस फेडण्यासाठी पत्र्यावर छोटी चित्रे रंगवून चर्चमध्ये वाहण्याची प्रथा सर्वसामान्यांत रुजली. विषय परका आणि हात आपला, असा हा संयोग होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या प्रारंभी होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२–१९१३) याने स्वस्त छापील पत्रकांसाठी सांगाड्यांची उपरोधिक चित्रे काढली. श्रीमंत-गरीब सारे मृत्यूपुढे सारखेच, हा त्यांचा आशय होता. १९१० मध्ये सुरू झालेल्या क्रांतीनंतर या लोकपरंपरेकडे पाहण्याची शासनाची व कलावंतांची दृष्टी पालटली. १९२१ मध्ये स्वातंत्र्याच्या शताब्दीपूर्तीनिमित्त राजधानीत लोककलेचे मोठे प्रदर्शन भरले. मातीची भांडी, विणकाम, लाकडी खेळणी, मुखवटे हे बाजारातले जिन्नस राष्ट्राचा कलावारसा म्हणून प्रथमच मांडले गेले.

भित्तिचित्रांची चळवळ

शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस (१९२१–१९२४) यांनी सार्वजनिक इमारतींच्या भिंती चित्रकारांना खुल्या केल्या. बहुसंख्य जनता निरक्षर होती. तिला इतिहास सांगावयाचा तर चित्र हेच प्रभावी माध्यम होते. दिएगो रिवेरा (१८८६–१९५७), होसे क्लेमेंते ओरोस्को (१८८३–१९४९) आणि दाविद आल्फारो सिकेरोस (१८९६–१९७४) हे या चळवळीचे प्रमुख चित्रकार. रिवेराने युरोपातील आधुनिक चित्रशैली आत्मसात केली होती, इटलीतील जुनी भित्तिचित्रे अभ्यासली होती. परंतु विषय मात्र मक्याचे शेत, आठवडी बाजार, खाणकामगार आणि आदिवासी स्त्रिया हे निवडले. तंत्र कोठूनही घ्यावे, पण पाहावे आपल्या मातीकडे, ही या चळवळीची भूमिका म्हणता येईल.

डॉ. खानखोजे आणि मक्याचे चित्र

गदर चळवळीचे एक संस्थापक असलेले डॉ. खानखोजे इराण, रशिया व जर्मनी असा प्रवास करून १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापन करू लागले. त्याच काळात, १९२४ ते १९२७ दरम्यान, रिवेरा त्याच विद्यालयाच्या जुन्या प्रार्थनागृहात चित्रे रंगवीत होता. त्यांपैकी एका चित्रात शेतकऱ्यांचा हुतात्मा नेता झापाता जमिनीखाली निजलेला असून त्याच्यावर मक्याचे पीक उभे आहे. बाहेर शेतात खानखोजे त्याच मक्याचे अधिक उत्पन्न देणारे वाण शोधीत होते. तेओसिंते या रानटी गवताशी मक्याचा संकर करण्याचे त्यांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. मका हा एकाच वेळी चित्राचा, राजकारणाचा व विज्ञानाचा विषय झाला होता.

शेतकऱ्यांसाठी खानखोजे यांनी मुक्त कृषी शाळा चालविल्या. त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे तिना मोदोत्ती या ख्यातनाम छायाचित्रकर्तीने घेतली. रिवेराच्या ‘आपली भाकरी’ या भित्तिचित्रात मेजाभोवती जमलेल्या लोकांत भाकरी मोडून वाटणाऱ्या पुरुषाला खानखोजे यांचा चेहरा आहे, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. स्वातंत्र्योत्तर काळात ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपूर येथे त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

चळवळीच्या मर्यादा

भित्तिचित्रांचे हे चित्र एकांगी नसावे. या कलेला शासनाचा आश्रय होता, त्यामुळे तिच्यात प्रचाराचा सूर शिरला. रुफिनो तामायो (१८९९–१९९१) याने राजकीय आशयापेक्षा रंग व रूप यांना महत्त्व देऊन वेगळी वाट धरली. फ्रिडा काहलो (१९०७–१९५४) हिने नवसाच्या पत्र्यावरील चित्रांची लोकशैली घेऊन स्वतःच्या देहाची व वेदनेची चित्रे रंगविली. दुसरीकडे, भिंतीवर ज्यांचा गौरव झाला ते कुंभार व विणकर स्वतः मात्र बहुधा अनामच राहिले. १९६० च्या दशकात ग्वेरेरो प्रांतातील कुंभार सालीच्या आमाते कागदावर चित्रे काढू लागले, तेव्हा त्यांच्या कलेला नवी बाजारपेठ मिळाली. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी वारली चित्रे झोपडीच्या भिंतीवरून कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे हे नाव जगापुढे आले, ती घटना याच जातीची होय.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

मेहकर येथे १८८८ मध्ये शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती जमिनीतून सापडली. कोआत्लिक्वेप्रमाणे ती पुन्हा पुरली गेली नाही. मंदिरात तिची प्रतिष्ठापना झाली व आजही ती पूजेत आहे. हेन्री कझेन्स यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीमुळे वऱ्हाडातील पुरावशेषांची एकत्रित नोंद झाली. लोणारची मंदिरे, सिंदखेड राजाची पुतळा बारव, सातगाव भुसारीचे मंदिर हा वारसा श्रद्धेने व कायद्याने काही अंशी जपला आहे. मात्र जपणूक ही पहिली पायरी होय. मेक्सिकोत जुन्या शिल्पांतून नव्या चित्रकाराला विषय व रेषा मिळाली; आपल्याकडे लोणारचे शिल्प पर्यटकाच्या छायाचित्रापुरते उरण्याचा धोका आहे. जिल्ह्यातील शाळांच्या चित्रकलेच्या तासाला पुतळा बारवेची एखादी मूर्ती समोर ठेवून रेखाटन होऊ लागले, तरी या वारशाचा वर्तमानाशी संबंध जोडला जाईल.

निष्कर्ष

१) मेक्सिकोच्या दृश्यकलेतील वैविध्य जुने टाकून नवे घेण्यातून आलेले नाही, प्रत्येक काळाने आधीच्या काळाची सामग्री नव्या कामाला लावली आहे.
२) क्रांतीनंतर कला व शेती यांचा जो मेळ तेथे घडला, त्यात एका वैदर्भीय कृषिशास्त्रज्ञाला सन्मानाचे स्थान मिळाले.
३) वारसा ओळखणे, नोंदविणे आणि त्यातून नवे निर्माण करणे या तीन पायऱ्यांपैकी पहिल्या दोन बुलढाणा जिल्ह्यात काही प्रमाणात घडल्या आहेत. तिसरी अद्याप घडावयाची आहे, आणि ती घडविण्याचे काम शासनाइतकेच येथील शिक्षकांचे व कलावंतांचे आहे.