यूयूबाईंनी काढा उकळला नाही

ताप आला की आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेतात. त्यात फॅल्सीपॅरम, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा हिवताप निघाला, तर तीन दिवसांच्या गोळ्यांचं पाकीट मिळतं. वयाप्रमाणे पाकिटाचा रंग वेगळा. त्यातलं मुख्य औषध चीनमधल्या एका बाईंनी शोधलं. त्यांचं नाव यूयू तू. ‘तू’ हे आडनाव बरं का, एकेरी हाक नव्हे. आपण त्यांना यूयूबाई म्हणू.

आधी हिवतापावर क्लोरोक्विन हुकमी होतं. पण १९६० च्या सुमाराला थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर ते लागू पडेना. रक्तात हिवतापाचे जंतू कोट्यवधी असतात, त्यांतले एखाद-दोन चिवट. औषधानं बाकीचे मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. डास ती पुढच्या माणसाकडे नेतो. दरसाल एकच फवारा मारला की अळी दाद देत नाही, तसंच हे.

तेव्हा व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होतं आणि सैनिक हिवतापानं बेजार होते. त्यांच्यासाठी चीननं २३ मे १९६७ ला गुप्त मोहीम काढली. १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक वैद्यक संस्थेतलं काम यूयूबाईंकडे आलं. वय ३८, ना डॉक्टरेट, ना परदेशातलं शिक्षण. नवऱ्याला सरकारनं खेड्यात कामाला धाडलेलं. हिवताप बघायला त्यांना दूर हैनान बेटावर जावं लागलं. चार वर्षांची थोरली पाळणाघरात राहिली, धाकटी आजी-आजोबांकडे. धाकटीनं पुढे आईला ओळखलंच नाही. शोधाच्या गोष्टीत हे एका ओळीत उरकलं जातं, पण आम्हाला ते वाचून थांबावंसं वाटलं.

त्यांनी जुन्या पोथ्या चाळल्या, वैद्यांना विचारलं, दोन हजारांवर पाठ जमवले. ‘छिंगहाव’ नावाच्या वनस्पतीचा अर्क उंदरांवर एकदा चालला, मग चालेना. का, ते कळेना. सोळाशे वर्षांपूर्वीच्या गे हाँग नावाच्या वैद्याची पोथी त्यांनी पुन्हा काढली. त्यात मूठभर पाला पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितला होता. उकळायला नाही! काढा म्हटला की आपणही पातेलं चुलीवर ठेवतो. यूयूबाईंना वाटलं, औषधाचा गुण आचेनंच मरत असेल. मग त्यांनी ईथर वापरलं, ते ३५ अंशांनाच उकळतं. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ व्या नमुन्यानं उंदरांच्या रक्तातले सगळे जंतू गेले.

कारखाने बंद होते, म्हणून घरगुती रांजणांत अर्क काढला. त्या वाफांनी यूयूबाईंचं यकृत बिघडलं. तरी १९७२ मध्ये अर्क आधी त्यांनी स्वतः घेतला, सोबत दोन सहकाऱ्यांनी. नंतर हैनानमध्ये २१ रुग्णांना दिला आणि ते बरे झाले. हेच आर्टेमिसिनिन. १९७७ साली ते छापून आलं तेव्हा लेखावर कुणाचंच नाव नव्हतं. नोबेल मिळालं २०१५ मध्ये, त्या ८४ वर्षांच्या असताना.

छिंगहाव आपल्या दवण्याच्या कुळातली. पण चैत्रात देवाला वाहतो त्या दवण्यानं हिवताप जात नाही, उगाच कुणी रस काढून पाजू नका.

आता हेही औषध झिजू लागलंय. ते जंतू भराभर मारतं, पण काही तासांत अंगातून निघून जातं. म्हणून सोबत दुसरं औषध देतात, ते बरेच दिवस रक्तात राहून उरलेले निपटतं. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, बाई खुरपायला जाते आणि उरलेल्या गोळ्या डब्यात पडतात. चिवट जंतूंना एवढी सवड पुरते. कंबोडियात आर्टेमिसिनिनची औषधं वर्षानुवर्षं एकटीच घेतली गेली. २००८ मध्ये तिथं जंतू रक्तातून जायला जास्त दिवस घेताना दिसले. आता आफ्रिकेत रवांडा, युगांडातही तसंच दिसतंय. आपल्याकडे ईशान्येच्या राज्यांत जोडीचं दुसरं औषध निकामी होऊ लागलं, म्हणून २०१३ पासून तिथं जोडी बदलली. महाराष्ट्राचं पाकीट आणि आसामचं पाकीट त्यामुळेच वेगळं झालं.