विश्वासार्हतेची दरी

सरकार जे सांगते आणि प्रत्यक्षात जे घडते, त्यांतील अंतराला ‘क्रेडिबिलिटी गॅप’, म्हणजेच विश्वासार्हतेची दरी, असे म्हणतात. हा शब्दप्रयोग अमेरिकेत १९६०च्या दशकात, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळातील व्हिएतनाम युद्धविषयक निवेदनांमुळे रूढ झाला. या दरीच्या काठावर उभा असतो तो सरकारी प्रवक्ता. व्हाइट हाउसच्या प्रसिद्धी सचिवाची नेमणूक अध्यक्ष करतात, वेतन मात्र करदाते देतात. या पदाची सारी कोंडी या एका वाक्यात सामावलेली आहे.

प्रवक्त्याकडून असत्य वदविण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याला सत्य कळूच न देणे. १ मे १९६० रोजी सोव्हिएत रशियाने अमेरिकेचे ‘यू-२’ हे हेरगिरी करणारे विमान पाडले. ते हवामान संशोधनासाठीचे विमान असल्याचे निवेदन ‘नासा’ने प्रसिद्ध केले. वैमानिक जिवंत हाती लागल्याचे क्रुश्चेव्ह यांनी ७ मे रोजी जाहीर केले आणि हा बनाव उघडा पडला. अखेर अध्यक्ष आयसेनहॉवर यांना जबाबदारी स्वीकारावी लागली.

पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात सायगावमध्ये रोज सायंकाळी लष्करी अधिकारी पत्रकारांना प्रगतीचे आकडे देत. पत्रकारांनी या बैठकांचे ‘पाच वाजताचा पोरखेळ’ अशा अर्थाचे नामकरण केले होते. १९६८च्या टेट आक्रमणाने त्या आकड्यांतील फोलपणा दाखवून दिला. १९७१ मध्ये ‘पेंटॅगॉन पेपर्स’ प्रसिद्ध झाले आणि राज्यकर्ते खासगीत काय मानत होते, हेही जनतेला समजले.

वॉटरगेट प्रकरणात निक्सन यांचे प्रवक्ते रॉन झीग्लर यांनी आरंभी ही घटना किरकोळ घरफोडी म्हणून झटकून टाकली. एप्रिल १९७३ मध्ये आपली पूर्वीची विधाने आता ‘लागू नाहीत’, असे त्यांनी सांगितले. ती असत्य होती, हे म्हणण्याचे मात्र त्यांनी टाळले.

याला सन्माननीय अपवादही आहे. अध्यक्ष फोर्ड यांचे प्रसिद्धी सचिव जेराल्ड टरहोर्स्ट हे मूळचे पत्रकार. निक्सन यांना माफी देण्याचा विचार चालू असताना त्यांना अंधारात ठेवण्यात आले. ८ सप्टेंबर १९७४ रोजी माफी जाहीर झाली, त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. पदावर येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता.

लॅरी स्पीक्स यांनी वेगळा मार्ग पत्करला. ऑक्टोबर १९८३ मध्ये ग्रेनाडावरील आक्रमणाची शक्यता त्यांनी, वरून मिळालेल्या माहितीच्या आधारे, हास्यास्पद ठरविली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी सैन्य तेथे उतरले. फसविले गेलेले स्पीक्स तरीही पदावर राहिले. पुढे आपणच रचलेली वाक्ये रेगन यांच्या नावावर खपविल्याची कबुली त्यांनी १९८८च्या पुस्तकात दिली. धाकट्या बुश यांचे प्रवक्ते स्कॉट मॅक्लेलन यांनीही, सीआयएच्या महिला अधिकाऱ्याचे नाव फुटल्याच्या प्रकरणी आपल्याकडून चुकीची माहिती दिली गेल्याचे २००८ मध्ये, पद सोडल्यानंतर, पुस्तकातूनच सांगितले.

या साऱ्याचे मोल किती? वॉशिंग्टनचे सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करील, असे मानणाऱ्या अमेरिकनांचे प्रमाण पाहण्यांनुसार १९६४ मध्ये ७७ टक्के होते. १९७४ मध्ये ते ३६ टक्क्यांवर आले. सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर ते काही काळ वर गेले, पण ती वाढ टिकली नाही. या घसरणीला महागाई, युद्ध, पक्षीय वैर अशी इतरही कारणे आहेत, आणि तिचा दोष एकट्या प्रवक्त्यांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. तथापि, साथीचा रोग, पूर वा युद्ध अशा प्रसंगी सरकारचा शब्द हाच नागरिकांचा आधार असतो. एरवी सोयीसाठी वापरलेल्या असत्याची किंमत तेव्हा मोजावी लागते. कारण त्या दिवशी प्रवक्ता खरे बोलत असला, तरी ऐकणारा त्यावर विश्वास ठेवीलच असे नाही.